सांजेला बोलणारी पेटी

सावनेरजवळच्या मैदानात दिवस कलला की पाय ठेवायला जागा उरत नसे. भगव्या कापडाने झाकलेल्या पेटीतून आधी खरखर येई, मग एका बाईचा आवाज. चढणारा, बुडणारा, अनोळखी भाषेतला.

"दिवस डुबला, आत्म्याचे दरवाजे खुलले!" रुपरावमहाराज डोळे मिटून सांगत. "उजेडात येत नाही ते. लाजते!"

शहरातल्या मनीषनगरची देवकी सिंधूमावशीला घरी न्यायला आली होती. मावशीच्या पायाची जखम चिघळत होती, आणि मधुमेह असूनही तिने इन्सुलिन सोडलं होतं.

"हर्षा सुई नको म्हनते वं," मावशी आपल्या वारलेल्या मुलीबद्दल म्हणाली. "महाराजानं अर्थ सांगितला. माही पोरगी पेटीतून बोलून राहिली."

खरखर ऐकताच देवकीने ओळखलं, कापडाखाली शॉर्टवेव्ह रेडिओ आहे. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या देवकीला शॉर्टवेव्हचं वेड होतं. हा रेडिओ तिचाच. हौशी श्रोता म्हणून तिच्याकडे आलेल्या रुपरावला तिनेच तो दिला होता, कोणतं केंद्र कधी लागतं तेही कौतुकाने शिकवलं होतं. लाजेपोटी ती गप्प बसली. मावशी तिच्यासोबत आली नाही.

पुढच्या आठवड्यात जखम काळी पडल्याचा फोन आला. देवकी भरदुपारी मैदानात पोचली. प्रसादाची रांग लागलेली होती. तिने कापड ओढलं.

"भस्म होशील!" रुपराव ओरडला.

तिने काटा वरच्या फ्रिक्वेन्सीवर नेला. लख्ख उन्हात तोच आवाज आला, आणि थोड्या वेळाने ती बाई चक्क हिंदीत हवामान सांगू लागली. कोणीतरी फिसकन हसलं.

"हे परदेशातलं केंद्र आहे, हिंदीतही कार्यक्रम देतं," देवकी म्हणाली. "आकाशात उंचावरच्या थरावर लहरी आपटून इथवर येतात. थर हलतो, म्हणून आवाज चढतो-बुडतो. दिवसा उन्हामुळे खाली आणखी एक थर तयार होतो. तो खालच्या फ्रिक्वेन्सी गिळतो. सूर्य मावळला की तो विरतो. म्हणून हे केंद्र दिवसा वरच्या फ्रिक्वेन्सीवर लागतं, सांजेला खालच्या. याला हे मीच शिकवलं. चूक माझी, की कळूनही मी बोलले नाही. आता माझ्यावरही विश्वास ठेवू नका. या, स्वतः फिरवून पाहा. आणि पुढे कोणी काही सांगितलं, तर आधी विचारा, काहून? असं का?"

लोक एकेक करून पुढे आले. रुपराव मागच्या मागे सटकला.

मावशीच्या पायाचा अंगठा काढावा लागला. दवाखान्यातून घरी आल्यावर तिने आपणहून दंड पुढे केला.

"टोच वं. पन हर्षाचा आवाज आता कुठून आनू?"

देवकीने कापसाने दंड पुसला.

"कुठूनच नाही, मावशी," ती म्हणाली आणि तिने सुई टोचली.