ओंजळीतलं गुलाबी पाणी

पाणीपुरवठा कार्यालयाच्या सभागृहात आम्ही चाळीस माणसं रांगेत उभी, आणि एक चमत्कारवाले बाबा एकेकाच्या ओंजळीत लोट्यातलं पाणी ओततायत. टाकीचं पाणी पिण्यालायक नाही हा अहवाल वर्तमानपत्राला कोणी दिला, ते शोधायला इंजिनियरसाहेबांनी त्यांना आणलं होतं. टाकी साफ करण्यापेक्षा ते सोपं.

“हात पुसा, मन पुसा, ओंजळ धरा,” बाबा म्हणत. “पाणी लबाडाला बरोबर ओळखतं.”

माझ्या ओंजळीत पाणी स्वच्छच राहिलं. मी सुटलो म्हणून बाजूला झालो. त्याची अजून लाज वाटते, कारण अहवाल मीच दिला होता.

मग नमुने गोळा करणाऱ्या ताईची पाळी आली. टाकीऐवजी साहेबांच्या घरच्या नळाचं पाणी बाटल्यांत भरायला तिने नकार दिला होता. तिला हात पुसायला साहेबांनी स्वतःच्या खिशातला रुमाल दिला. तिच्या ओंजळीतलं पाणी गुलाबी झालं.

“उद्यापासून येऊ नका,” साहेब म्हणाले.

“मी काही केलं नाही हो. घरी दोन लेकरं आहेत माझी.”

तपासणी खोलीतले आम्ही तिघं हा रंग रोज सकाळी बघतो. तिघांनीही माना खाली घातल्या. शिकलेलेच मिठाची गुळणी धरून बसले, तर बाबांना चमत्काराला आणखी काय लागतं?

शेवटी मलाच राहवेना. “अहवाल मी दिला. माझं पाणी का नाही बदललं, बाबा?”

“तुला पश्चात्ताप झालाय, बाळ.”

“तिळमात्र नाही.”

मी ताईच्या हातातला तो रुमाल साहेबांपुढे धरला, “आता तुम्ही पुसा हात.” त्यांनी हात खिशात घातले. तेव्हा म्हातारे शिपाईकाका पुढे आले, त्याच रुमालाला हात पुसून त्यांनी ओंजळ धरली. पाणी गुलाबी.

“मी काय देणार पेपरला?” काका म्हणाले. “पगारालासुद्धा अंगठा लावतो मी.”

रुमालाला धुण्याच्या सोड्याची पूड चोळलेली होती. लोट्यात आमच्याच कपाटातलं, क्षार तपासायचं औषध होतं. त्या बाटलीवर आम्ही रोज संध्याकाळी पातळीची रेघ मारतो. सकाळी औषध रेघेच्या दोन बोटं खाली दिसलं होतं, तरी मी गप्प बसलो. सोडा लागला की ते गुलाबी होतं. पापपुण्याशी त्याचं काही देणंघेणं नाही.

ताईची नोकरी वाचली. मला निलंबनाचा कागद मिळाला. जिन्यात एक जण कुजबुजला, “आम्हालाही कळलं होतं हो, पण बोलायचं कोणी?”

याचाच मला संताप येतो. चमत्कार दिसला की रुमाल कोणी दिला ते बघा, आणि कळलं की तिथेच बोला, जिन्यात नको. टाकी अजून तशीच आहे. पाणी उकळून प्या.