सुटलेल्या माणसाचा कठडा

मित्रांनो, माझ्यावर हात ठेवून माणसे बोलतात आणि मी ऐकतो. एवढेच माझे काम. मी एक जुना लाकडी कठडा आहे, मोठ्या माणसाच्या कमरेच्या थोडा वर येणारा. रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब ज्याच्या मागे उभे राहून उपदेश करतात, तोच मी. पण माझा जन्म चर्चसाठी झाला नव्हता. आधीची एकतीस वर्षे मी कोर्टात होतो आणि माझ्या मागे आरोपी उभे राहत.

मला घडवणारा सुतार अबोल होता. त्याने एकही खिळा न मारता, नुसत्या खाचा पाडून माझे भाग एकमेकांत बसवले. वरची पट्टी मात्र तो दोन दिवस घासत बसला. एवढी कशाला घासतोस, असे कोणीतरी त्याला विचारले. तो म्हणाला की इथे उभ्या राहणाऱ्याचे हात आधीच थरथरत असणार, निदान लाकूड तरी त्याला टोचू नये.

त्या पट्टीवर मी किती हात झेलले, ते सांगता येणार नाही. चोरांचे हात, भांडकुदळ शेजाऱ्यांचे हात, आणि ज्यांनी काहीच केले नव्हते त्यांचेही हात. तुम्हाला वाटेल, इतकी वर्षे ऐकून मला खरे-खोटे कळू लागले असेल. नाही कळले. घाम सगळ्यांनाच येतो. कोर्टाचा शिपाई दर सोमवारी मला तेल लावून पुसायचा आणि वकील मंडळी माझ्या कामाची तारीफ करायची. मला त्याचा अभिमान वाटे, पण एका निकालानंतर तो अभिमान ओसरला.

त्या दिवशी माझ्या मागे दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर उभा होता. तिशीचा, रुंद खांद्यांचा. सकाळी सातच्या सुमारास त्याच्या गाडीखाली सायकलवरून चाललेला एक टपालवाला सापडला होता आणि जागीच गेला होता. रस्त्यावर तिसरे कोणी नव्हते. ड्रायव्हरने सांगितले की सायकल हात न दाखवता अचानक उजवीकडे वळली, ब्रेक दाबायलाही वेळ मिळाला नाही. त्याने हे तीनदा सांगितले आणि तिन्ही वेळा शब्द तेच होते. पहिल्या बाकावर टपालवाल्याची बायको बसली होती, मांडीवर पाच वर्षांची मुलगी. न्यायाधीशांनी संशयाचा फायदा दिला. ड्रायव्हर निर्दोष ठरला. त्याने हात उचलले तेव्हा माझ्या पट्टीवर दोन ओले ठसे राहिले आणि थोड्या वेळाने वाळून गेले.

मग नवी इमारत झाली. तिथे लोखंडाचे आणि काचेचे सामान आले. मी दोन वर्षे अडगळीच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या खाली पडून होतो. माझा एक सांधा ओलीने फुगला. एकतीस वर्षे ज्याला पुसले, त्याच्याकडे आता कोणी ढुंकून पाहत नव्हते. लाकडाला स्वतःहून उठून उजेडात जाता येत नाही, हे मला तिथे नीट समजले.

जुने सामान निघाले तेव्हा पाळकसाहेबांनी मला आणले. त्यांनी माझी बाजूची दारे काढून टाकली आणि पवित्र शास्त्र ठेवायला वर तिरकी फळी बसवून घेतली. मंडळीतल्या काहींना हे रुचले नाही. आरोपीचा कठडा चर्चमध्ये कशाला, निदान रंग तरी द्या म्हणजे ओळखू येणार नाही, असे एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले. पाळक हसून म्हणाले की उपदेश करणाऱ्याला उभे राहायला यापेक्षा योग्य जागा नाही. मला रंग दिला गेला नाही.

पहिल्याच रविवारी मी पुढच्या बाकावर टपालवाल्याची बायको पाहिली. आता ती कपडे शिवून घर चालवत होती आणि सगळे तिला टेलरबाई म्हणत. मुलगी अकरा वर्षांची झाली होती. काही महिन्यांनी शेवटच्या बाकावर, दाराला लागून, आणखी एक माणूस बसू लागला. गाणे सुरू झाल्यावर यायचा आणि शेवटची प्रार्थना संपण्याआधी निघून जायचा. दाढी वाढली होती, खांदे उतरले होते, तरी मी ओळखले. टेलरबाईने त्याला पाहिले नव्हते, कारण ती कधी मागे वळून बघत नसे. मी दोघांनाही समोर पाहत होतो आणि काही सांगू शकत नव्हतो.

त्या वर्षी पाळकसाहेबांनी तारणावर सलग पाच रविवार बोलायचे ठरवले. ते म्हणाले, तारण हा शब्द एक असला तरी त्याच्या बाजू पुष्कळ आहेत. पहिल्या रविवारी ते सुटकेबद्दल बोलले: खोल विहिरीत पडलेल्याला स्वतःच्या केसांना धरून वर येता येत नाही, वरून कोणीतरी दोर सोडावा लागतो. दुसऱ्या रविवारी समेटाबद्दल, म्हणजे तुटलेले नाते देव स्वतः पुढे येऊन कसे जोडतो याबद्दल. तिसऱ्या रविवारी दत्तकपणाबद्दल, की त्याच्या घरात आपण पाहुणे नसून लेकरे असतो. लोक माना डोलवत होते.

चौथ्या रविवारचा विषय होता नीतिमान ठरवले जाणे. पाळकांनी माझ्या पट्टीवर थाप मारली आणि कोर्टाचे उदाहरण घेतले. म्हणाले, समजा, या कठड्यात खरोखरचा गुन्हेगार उभा आहे. सगळे त्याच्याविरुद्ध आहे. आणि न्यायाधीश म्हणतो, जा, तू निर्दोष आहेस. त्याने काही कमावलेले नाही, काही फेडलेले नाही, तरी तो ताठ मानेने बाहेर पडतो. ही देवाची कृपा.

टेलरबाई उभी राहिली. उपदेशाच्या मध्ये आमच्याकडे कोणी उभे राहत नाही.

"पाळकसाहेब, असा निकाल मी ऐकलाय," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "त्या दिवशी माणूस सुटला, पण दोष काही हवेत विरला नाही. तो माझ्या नवऱ्याच्या नावावर गेला. हात न दाखवता वळला म्हणे. सहा वर्षं पोस्टात नव्या माणसांना त्यांचंच उदाहरण देतात. माझ्या मुलीला शाळेत ऐकवतात. तुमच्या देवाच्या कोर्टात दोष कुठे जातो, एवढं सांगा."

पाळकांच्या हाताखालचा कागद मला जाणवत होता. उत्तर त्यावर लिहिलेले होते, पुढच्याच ओळीत: तो दोष ख्रिस्ताने स्वतःवर घेतला. ती ओळ त्यांनी वाचली नाही. बाई मुलीचा हात धरून निघाली. मधल्या वाटेने दारापर्यंत गेली आणि तिथे तिला शेवटच्या बाकावरचा माणूस दिसला. ती क्षणभर थांबली. तो खाली बघत होता. मग ती बाहेर गेली.

सगळे पांगल्यावर पाळकांची बायको फुलदाण्या रिकाम्या करायला आली. पाळक तिला म्हणाले की उत्तर मला येत होतं, पण तिला द्यायला जीभ रेटली नाही. ती म्हणाली, "तुमचं शास्त्र बरोबर असेल हो. पण ती बाई सहा वर्षं कोर्टातच उभी आहे, तिला अजून कोणी घरी जा म्हटलं नाही."

तेवढ्यात शेवटच्या बाकावर अजून बसून राहिलेला ड्रायव्हर उठून पुढे आला. पाळकांच्या बायकोने फुलदाणी तिथेच ठेवली आणि ती आतल्या खोलीत गेली. ड्रायव्हर माझ्यासमोर उभा राहिला आणि त्याने पट्टीवर हात ठेवले. त्याने मला ओळखले नाही. सहा वर्षांपूर्वी तो माझ्या आतल्या बाजूला होता, आता बाहेरच्या.

त्याने सगळे सांगितले. आदल्या दिवशीची पाळी संपली नव्हती तोच दुसरी लागली होती. गाडी चालवता चालवता त्याला डुलकी लागली. डोळे उघडले तेव्हा सायकल गाडीखाली होती. वळण्याचे ते वाक्य त्याने नंतर जुळवले आणि पाठ केले. पाळकांनी त्याचे सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले की पश्चात्ताप करणाऱ्याला देव क्षमा करतो, ही शंकेची गोष्ट नाही.

"एकदा सुटलोय मी, पाळकसाहेब," तो म्हणाला. "पुन्हा नुसताच सुटून काय करू?"

पाळक खाली बाकावर बसले. मग सावकाश, जणू स्वतःलाच समजावत बोलले. "ख्रिस्ताने आपला दोष घेतला तो आपण होऊन. त्याला कोणी फसवून तो चिकटवला नाही. तुम्ही मात्र तुमचा दोष अशा माणसावर टाकलात ज्याला नाही म्हणता येत नव्हतं. तो आधी त्याच्यावरून काढा. मग देवाकडे न्या."

पाळक टेलरबाईच्या घरी गेले. तिथे काय झाले ते मला पुढे त्यांच्या बोलण्यातून कळले. ऐकताना तिने शिवणयंत्र थांबवले नाही. एक बाही पूर्ण केली, दोरा तोडला आणि सांगितले की मला त्याची माफी मागणं नको आहे. कोर्टात जे बोलला ते खोटं होतं, हे त्याने सगळ्यांसमोर सांगावं. पोस्टातल्या लोकांनाही बोलवा.

पाचव्या रविवारी पाळकांनी उपदेश केला नाही. विषय होता पवित्र होत जाण्याचा, म्हणजे देवाने निर्दोष ठरवलेला माणूस हळूहळू आतूनही कसा बदलतो याचा. त्यांनी एवढेच सांगितले की आज या विषयावर दुसरे कोणी बोलणार आहे, आणि ते बाजूला झाले.

ड्रायव्हर माझ्या मागे येऊन उभा राहिला. चर्च भरले होते, तिसऱ्या बाकावर पोस्टमास्तर आपल्या माणसांसह बसले होते. त्याने पट्टी इतकी घट्ट धरली की माझा फुगलेला सांधा करकरला. दोनदा त्याने सुरुवात केली आणि दोन्ही वेळा आवाज फुटला नाही. मित्रांनो, तेव्हा मला वाटले की आपल्याला एखादा तरी शब्द येत असता तर. पण मी फक्त त्याला टेकू देऊ शकत होतो, आणि तो तर मी त्याच्या खोट्यालाही दिला होता.

शेवटी तो बोलला. नाव घेऊन, तारीख सांगून, डुलकी लागली होती हे सांगून. कोर्टातले वाक्य त्याने पुन्हा उच्चारले आणि म्हणाला की हे मी रचलं होतं.

पुढच्या बाकावरून मुलीने विचारले, "म्हणजे बाबा वळलेच नव्हते?"

"नाही," तो म्हणाला. "सरळ चालले होते. रस्त्याच्या कडेने. त्यांची काही चूक नव्हती."

पोस्टमास्तर उठले. त्यांनी चष्मा काढला, तो कुठे ठेवायचा हे त्यांना सुचेना. म्हणाले की उद्या सकाळी टपाल निघण्याआधी मी हे सगळ्यांना सांगेन. टेलरबाईने मुलीची वेणी खांद्यावरून मागे सारली आणि समोर बघत राहिली. तिने क्षमा केली असे मला सांगता आले असते तर किती बरे झाले असते. पण तसे काही झाले नाही.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर पाळकांना घेऊन पोलिसांकडे गेला. तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितले की निकाल केव्हाच लागून गेला, त्याच गुन्ह्याचा खटला पुन्हा उभा राहत नाही, घरी जा. त्याला शिक्षा हवी होती आणि ती द्यायला कोणीच तयार नव्हते. त्याने गाडी चालवणे सोडले. तो आता दूध डेअरीत कॅन धुतो. पाळकांना तो विचारायचा, मी आणखी काय करू, आणि पाळक म्हणायचे की आता तुम्ही करण्यासारखं काही उरलं नाही. हे ऐकून त्याचा चेहरा आणखीच पडायचा. कृपा म्हणजे आनंदाची बातमी, असे मी माझ्या फळीवरून कितीदा ऐकले होते. रिकाम्या हातांनी ती घेणे एखाद्याला इतके जड जात असेल, हे मला ठाऊक नव्हते.

तो शेवटच्या बाकावर येत राहिला. आता तो प्रार्थना संपेपर्यंत थांबायचा, पण प्रभुभोजनाला पुढे येत नसे. सगळे रांगेने येऊन भाकर घेत आणि तो मांडीवरच्या हातांकडे बघत बसे. असे सात महिने गेले.

आठव्या महिन्यात टेलरबाई भाकर घेऊन परतताना आपल्या बाकाशी थांबली नाही. मधल्या वाटेने तशीच मागे चालत गेली. मुलगी वळून बघू लागली. पाळकांचा हात ताटावरच थांबला. बाई शेवटच्या बाकापाशी उभी राहिली. त्याने वर पाहिले नाही.

"उठा," ती म्हणाली. "भाकर संपत आलीय."

बस, एवढेच. मग ती वळून आपल्या जागी आली. तो उठला आणि चालत पुढे आला. त्या दिवशी त्याने माझ्यावर हात ठेवला नाही. दोन्ही तळवे एकावर एक ठेवून त्याने ते पाळकांसमोर धरले होते.

मित्रांनो, माझ्यासाठी मी काही मागत नाही. अधूनमधून तेलाचा हात फिरवलात तर सांधा करकरणार नाही, तेवढे पुरे. पण जी माणसे आता बोलू शकत नाहीत, त्यांची नावे तुमच्या हाती आहेत. ती जपा. आपली चूक त्यांच्यावर ढकलणे फार सोपे असते, एका वाक्याचे काम. आणि तुमच्यापैकी कोणी ते केले असेल, तर माझ्यापाशी या. मी तुम्हाला निर्दोष ठरवू शकत नाही, दोषीही नाही. तुम्ही खरे बोलून होईपर्यंत तुमचे हात धरून ठेवणे, एवढेच मला जमते.