बारावा कागद

‘चालतंय की!’ हा आपला लाडका मंत्र. वाचकहो, तुम्ही म्हणता, मीही म्हणतो. राजापूरकडचा शंकर सुतार तर तो बॅगेत घालून कुवेतला गेला होता.

१९९८ साली मंगफजवळच्या एका कारखान्यात तो शर्यतीच्या बोटींची सुकाणू बनवायचा. कार्बनच्या धाग्यांच्या चिकट चादरी एकावर एक बारा लावायच्या, प्रत्येकीचा पाठचा कागद सोलून टोपलीत टाकायचा, मग सगळं भट्टीत भाजायचं. त्या सोमवारी सुकाणू बाहेर आलं ते काळंभोर, चकचकीत. टोपलीत मात्र कागद निघाले अकरा!

बारावा, मधल्या छोट्या चादरीचा, आतच राहिला होता; म्हणजे तिथले थर चिकटलेच नव्हते. शंकरचं गुरुवारचं विमान, दोन वर्षांनी गणपतीला घरी जायचं. नवं सुकाणू करायला चार दिवस, म्हणजे रजा बुडालीच. त्याने एका कागदाचे गुपचूप दोन तुकडे केले आणि बारा पुरे केले.

तपासनीस जाफरचाचा रत्नागिरीकडच्या तांडेलाच्या, म्हणजे बोटीच्या म्होरक्याच्या, घरातले. त्यांनी कागद मोजले आणि खिशातलं नाणं शंकरच्या हातात दिलं. नाण्याने सुकाणू वाजवायचं; आत कुठे पोकळ असेल तर आवाज बद्द येतो.

“आज तूच वाजव. फणस वाजवून काडणारा मानूस तू, तुज्या कानावर माजा भरवसा हाय.”

शंकर कडेकडेने वाजवत गेला. टक, टक. मधली जागा आली तसा त्याचा हात अडला.

“चाचा, वरनं तर झ्याक दिसताय. आत काय हाय ता कोनाला कळनार?”

“दर्याला कळतं, बाबा. भर पान्यात सुकाणू मोडला, तर वरचा मानूस ‘चालतंय’ कोनाला बोलनार?”

शंकरने मान खाली घातली आणि मधोमध नाणं वाजवलं. बद्द!

“कागद आत ऱ्हायलाय, चाचा. मीच लपवलाय.”

“आता कसा कोकणचा सुतार बोललास!” चाचा हसले आणि त्यांनी बाह्या सरसावल्या. शेजारच्या टेबलावरचा झहूरही न बोलावता आला. सहा हातांनी चार दिवसांचं काम बुधवारी संध्याकाळीच उरकलं. नवं सुकाणू खणखणीत वाजलं, आणि शंकरचं विमान चुकलं नाही.

घरी पोचताच त्याने गणपतीचा चौरंग पुढ्यात ओढला आणि नाण्याने वाजवू लागला.

“कुवेतात जावन डोक्यावर परिनाम झालाय काय?” बायको मुक्ता म्हणाली.

एका पायाशी बद्द आवाज आला. तिथली चीर त्यानेच पूर्वी लांबीचा लगदा भरून, वर रंग मारून झाकली होती. शंकर पोट धरून हसला आणि रंधा शोधायला उठला.

मंडळी, चूक कोणाच्याही हातून होते. पण ती झाकू नका, वेळीच सांगा. मदतीला हात येतातच. आणि आपल्या कामावर एकदा तरी आपणच नाणं वाजवून बघा!