गुडघ्याखालची उशी

शिडीवरून उतरताना वायरमनचा पाय पायरीत अडकला, धड खाली आलं आणि गुडघा जागच्या जागी पिळवटला. आतली तीन लिगामेंट तुटली. डॉक्टरांनी मांडीतल्या स्नायूची कंडरा काढून नवी जोडणी केली आणि बजावलं, "आधी पाय पूर्ण सरळ झाला पाहिजे. आखडला तर गुडघा पुन्हा उघडावा लागेल."

तेव्हापासून त्याच्या आईच्या जिवाला थारा नव्हता. बसली की उठायची, उठली की त्याच्या गुडघ्याचा पट्टा चाचपायची, नाहीतर सुनेच्या मागे लागायची.

"अगं, नवऱ्याचा पाय आहे, सरपणाचं लाकूड नव्हे! हळू उचल."

"मग तुम्हीच उचला ना, आई."

"उचलेन की! माझे हात काय गहाण पडलेत?"

आज फिजिओथेरपीवाली आली. तिने गुडघा खाली दाबला. गादी आणि गुडघा यांच्यामध्ये अख्खी मूठ जात होती.

"मागच्या वेळी बरा होता की! व्यायाम करतोस ना?"

"जीव तोडून करतो," वायरमन म्हणाला.

"मग गुडघ्याखाली उशी कोण ठेवतं?"

"मी टाचेखालीच ठेवते, तुम्ही सांगितलं तशी," सून म्हणाली.

तिचं खरंच होतं. पण ती स्वयंपाकघरात वळली की पोरगा कण्हायचा, आणि म्हातारी उशी गुडघ्याखाली सरकवायची. त्याला डोळा लागायचा. सुनेची चाहूल आली की उशी परत टाचेखाली. पोरगाही मुका, आयता आराम कुणाला नको?

आता सगळे सुनेकडे बघत होते. उभ्या जन्मात म्हातारीने स्वतःची चूक कबूल केली नव्हती.

"तिला काय बघता? मी सरकवते. मला त्याचं कण्हणं ऐकवत नाही."

"त्या आरामातच गुडघा वाकलेला राहून आखडतोय, आजी. अजून वेळ गेली नाही. पण उशी हलली, तर पुन्हा ऑपरेशन."

"आजी कुणाला म्हणतेस गं? कळलं मला."

बाई गेली. उशी टाचेखाली गेली. थोड्याच वेळात सुरू झालं, "आई गं... जरा सरकव ना."

म्हातारी उठली, बसली, पुन्हा उठली. हात पदरात गुंडाळले, तरी ते उशीकडेच ओढ घेत होते.

"सूनबाई, मला बाहेर काढ आणि आतून कडी लाव."

"अहो आई, असं काय करता?"

"लाव म्हणते ना!"

कडी लागली. म्हातारी दाराबाहेर येरझाऱ्या घालू लागली. आतून कण्हणं आलं. तिने दार धडाधडा वाजवलं.

"काय झालं, आई?"

"काही नाही. कडी नीट लागलीय का बघ."