दोष कुपीचा

मी पोलादाची कुपी. मूठभर आकाराची, जाड भिंतींची, स्वभावानं गप्प. आज तोंड उघडतेय, कारण माझ्यावर ठपका आलाय.

लेथवाल्या मिस्त्रीनं मला कातलं आणि म्हणाला, "हिच्यातून श्वाससुद्धा सुटायचा नाही." मग प्रयोगशाळेत आले. फ्रिजच्या नळ्यांतून फिरणारे फ्लोरीनवाले वायू माझ्या पोटात भरायचे, नेमक्या तापमानाला त्यांचा दाब मोजायचा, आणि त्या आकड्यांवर फ्रिज बनवणाऱ्यांनी गणितं मांडायची, असा माझा संसार.

पथ्य एकच. वायूत मुरलेली हवा आधी काढायची: गोठवा, वरची हवा पंपानं ओढा, वितळवा. असं तीनदा. तान्ह्या बाळाला ढेकर काढून निजवतात ना, तसंच. हवा राहिली की दाब उगाच फुगतो.

पंधरा वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेच्या सरांनी ही हवा एकदाच काढली. घाई होती. फुगलेला आकडा छापून आला, सर मोठे झाले. मला कोण विचारतो?

यंदा तोच वायू पुन्हा मोजायला नव्या बाई आल्या. घरी दहा महिन्यांचं बाळ, नोकरी वर्षावर्षाची, मुदतवाढ सरांच्या सहीवर. व्हॉल्व्ह बंद आहे ना, हे त्या चारदा बघायच्या आणि पाचव्यांदा बघताना स्वतःलाच हसायच्या.

एका दुपारी पाळणाघरातून मावशींचा फोन आला. "पिल्लूचं अंग तापलंय हो!" बाईंनी एकदाच हवा काढली, आकडा टिपला नि धावत सुटल्या.

आकडा सरांच्या आकड्याशी तंतोतंत जुळला. "वा! याला म्हणतात हात!" सर म्हणाले.

बाई खूश झाल्या. चांगला अर्धा दिवस. मग वहीत हवा काढल्याची तीनाऐवजी एकच खूण दिसली. गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळणार होतं? पण त्यांनी मला पुन्हा भरलं, तीनदा हवा काढली. दाब आठ किलोपास्कलनं उतरला. परत मोजला, तरी तेच.

"अहो, परवा तर जुळलं होतं!"

"जुळलं होतं, सर. परवा मी हवा एकदाच काढली होती."

सरांनी आपला जुना छापील तक्ता काढून आकडे ताडून पाहिले. "म्हणजे माझा तक्ता चुकला म्हणायचा. आणि तुमची मुदतवाढ माझ्या टेबलावर आहे."

"माहितीये, सर. पण परवाचा आकडा मी नाही लिहिणार."

शेवटी सरांनी तोड काढली. अहवालात बाईंचाच आकडा गेला, मुदतवाढीवर सही झाली, आणि खाली तळटीप आली: जुन्या मोजमापातला फरक कुपीतील दोषामुळे असावा. नवा आकडाही त्याच कुपीतला, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

"सर, कुपी चांगली आहे हो," बाई म्हणाल्या.

"असेल. पण तिला पोरंबाळं नाहीत."

आता मी कपाटात आहे, अंगावर 'सदोष' अशी चिठ्ठी. ठेवताना बाईंनी मला रुमालानं पुसलं, "चुकलं गं माझं," म्हणाल्या. वाचकहो, कुणी विचारलंच, तर दोष माझाच होता म्हणून सांगा. तिचं लेकरू अजून लहान आहे.