घरी आहे तिचं काय झालं?

मी खुर्ची बोलतेय, आणि आज जरा चढ्या आवाजातच बोलणार आहे. आजवर शेकडो लोकांची वजनं मुकाट्याने सोसली. पण ज्या घरासाठी सगळी हयात झिजले, त्याच घराने वाढदिवसाची भेट आणताना मला दाराबाहेर काढलं, तेव्हा माझे चारही पाय संतापाने थरथरले. त्यातला एक तसाही थरथरतो, तो भाग वेगळा.

थोडक्यात सांगणं मला जमत नाही. मी दुकानात वाढलेय.

एका सुताराने माझे सागवानी हातपाय घडवले आणि त्याच्या बायकोने वेताची बैठक विणली. दोघं दिवसभर भांडायचे, पण माझ्यावर वाकले की गप्प व्हायचे. तिथून मला अण्णांनी घेतलं. अण्णांचं भांड्यांचं दुकान होतं. स्वतःला बसायला त्यांनी एक डुगडुगतं स्टूल ठेवलं आणि मला मांडलं गिऱ्हाइकांसाठी, अगदी दारातून आत आल्या आल्या दिसेन अशी.

शेजारचा कापडवाला हसायचा. "अण्णा, गिऱ्हाइकाला बसवलंत की ते विचार करायला लागतं. उभं असतं तोवर पटकन घेऊन जातं."

"म्हणून तर बसवतो," अण्णा म्हणायचे. "घाईत नेलेली वस्तू आठवड्यात परत येते, आणि सोबत शिव्या घेऊन येते."

गिऱ्हाईक माझ्यावर टेकलं की अण्णांचा ठरलेला प्रश्न यायचा. "हं, बोला. घरी आहे त्याचं काय झालं?"

एक बाई कुकर घ्यायला आल्या. घरच्याची शिट्टी होत नाही म्हणाल्या. अण्णांनी जुना आणायला लावला, रबर बदलून दिलं आणि कुकर परत पाठवला. बाई जाताना अशा खुशीत होत्या, की पुढे त्यांची सगळी गल्ली आमच्याच दुकानात यायला लागली. असा माणूस धंद्यात बुडायला हवा होता. तो तरला कसा, ते कापडवाल्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

आणखी एक गृहस्थ आठवतात. मोठ्या बहिणीसाठी भेट हवी होती. घाम पुसत म्हणाले, "तिला काही आवडतच नाही हो. म्हणते, घरात नवीन काही आणू नकोस. तरी काहीतरी दाखवा."

"ती नको म्हणतेय, तर तुम्ही ऐकत का नाही?"

"अहो, रिकाम्या हाताने कसं जायचं?"

"शेवटचे कधी गेला होतात?"

गृहस्थांनी छताकडे पाहिलं, मग माझ्या हातावरचा रंग नखाने खरवडला. मला राग आला, पण मी सोसलं. त्या दिवशी अण्णांनी त्यांना काहीही विकलं नाही. पुढे ते एकदा मोठं पातेलं न्यायला आले. ते दर शनिवारी बहिणीकडे जायचे, तिच्याच स्वयंपाकघरात राबायचे, आणि तिचं पातेलं आता पुरत नव्हतं.

अण्णांचा मुलगा लहानपणी शाळा सुटली की दुकानात यायचा आणि थेट माझ्या खाली शिरायचा. गिऱ्हाईक वर, हा खाली. पाठीवर पडून गुणगुणायचा. मला आवडायचं ते. वरच्यांना मी खुर्ची होते, त्याला घर होते.

एकदा एका वजनदार आचाऱ्याने माझी बैठक मधोमध फोडली. अण्णांनी बिस्किटांचा मोठा डबा कापला, पत्रा सपाट केला आणि खालून ठोकला. डब्यावर हिरव्या पोपटाचं चित्र होतं. कापडवाला म्हणाला, "चित्र वरच्या बाजूला घ्या की, शोभा येईल."

"वरच्याला बसायचंय," अण्णा म्हणाले. "बघणारा खाली असतो."

पुढे दुकान बंद झालं, तेव्हा अण्णांनी तिथून एवढी एकच वस्तू घरी आणली, ती म्हणजे मी. आणि मग आयुष्यात पहिल्यांदा ते स्वतः माझ्यावर बसले.

आता खरा संताप. "मला काही आणू नका" असं अण्णा स्वच्छ शब्दांत सांगायचे, आणि घरातल्यांना ते कोड्यासारखं वाटायचं. वाढदिवस जवळ आला की मुलगा, सूनबाई आणि फोनवरून थोरली मुलगी अशी तिघांची खलबतं चालत. एकदा पाय चेपायचं यंत्र आलं. एकदा बांबूचा पेला आला, कमी वापरा असा उपदेश छापलेला आणि तीन वेष्टनांत गुंडाळलेला. अण्णांनी वेष्टनं नीट घडी करून ठेवली आणि पेला परत दिला.

पंच्याहत्तराव्या वाढदिवसाला मुलाने डोकं चालवलं. मागे रेलणारी, पाय वर घेणारी गुबगुबीत खुर्ची त्याने पसंत केली. जुनी दिली तरच नवी मिळणार होती. अण्णा केस कापायला गेलेले असताना ती आली आणि मी गेले. माझ्यावरची उशी तेवढी काढून ठेवली, कारण ती चांगली होती! एवढी वर्षं मी झिजले, आणि घरात राहिली ती परवाची उशी.

पुढचं मला नंतरच्या बोलण्यातून कळलं. अण्णा आले, दारातच थांबले.

"ही कोण?"

मुलगा आनंदाने म्हणाला, "अण्णा, तुमच्याच तत्त्वाने घेतलीय! एक आली, एक गेली. घरात एकही वस्तू वाढलेली नाही!"

अण्णांनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं. "घरी होती तिचं काय झालं?"

मुलाने नुसतीच नव्या खुर्चीची पाठ रेलवून दाखवली.

"मग मी उभाच बरा."

आणि ते उभेच राहिले. चहा उभ्याने घेतला, पेपर उभ्याने वाचला, जेवले ते ओट्याला टेकून. गुडघे हे असे. झोपायला तेवढे आडवे झाले आणि सकाळी पुन्हा उभे. सूनबाई नवऱ्याला म्हणाल्या, "आता त्यांच्या पायांना काही झालं ना, तर मीसुद्धा तुमच्या बाजूने बोलणार नाही. जा आणि शोधा."

मुलगा त्या नव्या खुर्चीच्या दुकानाच्या गोदामात आला तेव्हा मी जुन्या खुर्च्यांच्या गर्दीत होते. सगळ्या कुणाच्या ना कुणाच्या घरातल्या. दुपारी गाडी येणार होती आणि आम्ही सगळ्या जळणात जाणार होतो.

"तुमची कुठली, साहेब?" गोदामवाल्याने विचारलं.

"लाकडी आहे. तपकिरी."

"इथे सगळ्याच तपकिरी आहेत. काही खूण?"

"वेताची बैठक... फाटलेली."

"सगळ्यांच्याच फाटल्यात. फोटो असेल तर बघा."

फोटो पुष्कळ होते. सगळ्यांत अण्णा होते, आणि मी त्यांच्या पाठीमागे झाकलेली. तो माझ्यासमोरून दोनदा गेला. दोनदा! माझ्या हातावर हात ठेवला आणि पुढच्या खुर्चीकडे वळला. मला ओरडायचं होतं. अरे नतद्रष्टा, माझ्या पोटाखाली तू वाढलास!

मग त्याने बहिणीला फोन लावला. "ताई, ओळखू येत नाहीये गं."

तिचा आवाज फोनबाहेर आला. "येईल कशी? तू कधी वरून बघितलंस तिला? सदा खाली लोळत असायचास!"

तो थबकला. त्याने फोन खिशात टाकला आणि इस्त्रीच्या कपड्यांत त्या धुळीत उताणा झाला. एका खुर्चीखाली डोकं घातलं, मग दुसरीच्या. गोदामवाला म्हणाला, "साहेब, बरं वाटत नाहीये का?"

मग तो माझ्या खाली आला, आणि बराच वेळ बाहेर आलाच नाही. पत्रा गंजला होता, शेपटी गेली होती, पण चोच आणि डोळा शाबूत होता.

"पोपट," तो म्हणाला. आणि मग हलक्या आवाजात, "माझ्याकडे तोंड करून लावलाय..."

इतक्या वर्षांनी कळलं साहेबांना.

त्याने मला टेम्पोतून घरी आणलं. अण्णा खिडकीशी उभे होते, हात गजावर, पोटऱ्या थरथरत होत्या. ते बसले नाहीत. माझ्याकडे बोट करून मुलाला म्हणाले, "बस."

तो बसला.

"हं, बोला. घरी आहे तिचं काय झालं?"

"बैठक गेलीय, अण्णा. नव्याने विणायला हवी."

"कोण विणणार?"

"मी."

"येतं तुला?"

"नाही."

"मग वेळ लागेल."

"लागू दे."

आणि आता ऐका, मी अजूनही का धुमसतेय ते. विणकाम होईपर्यंत बसायचं कुठे, म्हणून अण्णा त्या गुबगुबीत बयेवर बसतात! म्हणे, "तात्पुरता." पाय वर घेऊन तात्पुरता! मी समोर आडवी पडलेली, पाय हवेत, आणि मुलगा दर रविवारी ओला वेत घेऊन घोळ घालतोय. पत्र्याला मात्र दोघेही हात लावत नाहीत.

तुमच्याही घरी कुणीतरी असेल, 'मला काही आणू नका' म्हणणारं. तुम्ही उगाच दुकानं पालथी घालता. ते माणूस खरंच बोलत असतं हो! त्याच्या घरी जा. तिथे काहीतरी फाटलेलं असेल. ते घेऊन त्याच्यासमोर बसा, आणि माझ्यासारखीला गोदामात धाडू नका.

गेल्या रविवारी बैठक जवळजवळ पुरी झाली होती. अण्णांनी चष्मा लावून पाहिली, बोट फिरवलं, आणि एक मुळीच न चुकलेली पट्टी उपसून काढली.

"इथे सैल आहे. पुन्हा घे."

मला चांगलं ठाऊक आहे, सैल नव्हती. विणून झाली की मुलाचे रविवार संपतील, हा हिशोब त्या जुन्या दुकानदाराने केव्हाच मांडलाय. मुलगा मान खाली घालून पुन्हा विणायला लागला. त्यालाही ते कळलं असावं, कारण पुढच्या पट्टीची गाठ त्याने स्वतःच सैल ठेवली.