आवडाबाईचं सोंग

शिमगा तोंडावर आला आणि आवडाबाईच्या पोटात गोळा उठला. आता शिमग्याला कुणाच्या पोटात गोळा उठतो का हो? माणसं नाचतात, बोंब ठोकतात, एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. पण आवडाबाईला ना घास गोड लागत होता, ना मिश्री.

त्याला कारण होतं ती राहायची ते भाटेशेटचं घर. रेवदंड्यात कोटाच्या भिंतीला लागून शेटजींची नारळी-पोफळीची वाडी होती आणि वाडीत हे घर. मुंबईत मसाल्याच्या व्यापारात बक्कळ मिळवलं, पण मागे मूल ना बाळ. तेव्हा जाताना ते सांगून गेले, की ज्या म्हाताऱ्यांना विचारणारं कुणी नाही त्यांनी इथे राहावं, वाडीचं खावं आणि सुखानं दिवस काढावेत. तेव्हापासून गाव त्याला म्हातारघरच म्हणायचं. आत चुली ज्याच्या त्याच्या, जातीपातीच्या वेगळ्या. सन तेहतीसचा तो काळ, कोण कुणाच्या हातचं खाणार? पण ओटी एकच होती आणि ओटीवरचा झोपाळाही एकच.

त्या झोपाळ्याची एक रीत पडून गेली होती. दिवस कलला की कुणीतरी एकानं झोपाळ्यावर बसायचं आणि आपल्या जन्माची कहाणी सांगायची. बाकीच्यांनी खाली बसून सुपारी कातरत हुं हुं करायचं. शिवदास तांडेल बसला की तुफान सुरू. दरवेळी लाटा पहिल्यापेक्षा उंच, आणि गलबत अधिक फुटकं. म्हातारा हातानं नारळाच्या सोडणाची इवलीइवली गलबतं कोरायचा आणि तोंडानं ती बुडवायचा. नीराबाईनं जन्मभर सुकी मासळी विकली होती. पाली-माणगावापर्यंतच्या बाजारांत कोणत्या बाईला कशी गप्प केली, हे ती साग्रसंगीत सांगायची. हरेश्वर कचेरीत पट्टेवाला होता. किती साहेब आले नि गेले, पण आवाज माझाच, असं त्याचं म्हणणं. पितळेचा बिल्ला अजून रोज चिंचेनं घासायचा.

आणि आवडाबाई? ती माणगावाकडची, भातशेतीतली. तिची पाळी आली की झोपाळ्याच्या कडेला टेकायची आणि म्हणायची, "मला काय सांगायचं? भात लावलं, भात कापलं, भात खाल्लं. झालं." सगळे खो खो हसायचे. तीही हसायची. पण आत कुठेतरी बोचायचं. खरंच, एवढंच होतं का आपलं? एवढी मोठी जिंदगी, आणि झोपाळ्याला एक झोकाही पुरता मिळू नये?

त्या वर्षी नीराबाईच्या डोक्यात किडा वळवळला. म्हणाली, "शिमग्याला सोंगं आणू या. पण राजा-राक्षसाची नकोत. सगळ्यांच्या गोष्टी सगळ्यांना पाठ हायत. मंग मी तुझं सोंग आणते, तू त्याचं आण!" मग काय, म्हातारी माणसं चेकाळली. टोपलीत ज्यानं त्यानं आपली एकेक वस्तू टाकली. ज्याच्या हाताला जी लागेल, त्याचं सोंग. नीराबाईची मिश्रीची डबी पडली, हरेश्वरचा बिल्ला पडला, शिवदासची जाळं विणायची सुई पडली. आवडाबाईपाशी टाकायला तिचं असं काही सापडेना. शेवटी तिनं ओटीवरची एक सुपारी उचलून टाकली.

शिवदासनं डोळे मिटून हात घातला आणि सुपारी वर काढली. "आवडाबाय घावली!" तो ओरडला. आवडाबाईनं त्याची सुई काही उचलली नाही, मला सोंग जमायचं न्हाय म्हणून सांगून टाकलं, पण तिचं सोंग तर आता येणारच होतं.

दुसरं कुणी असतं तरी चाललं असतं. पण हा शिवदास! बशीतल्या चहात तुफान उठवणारा माणूस. तो आपलं काय करणार? तिला डोळ्यांपुढे दिसायला लागलं. तो लुगडं नेसून येणार, मधोमध उभा राहणार आणि म्हणणार, भात लावलं, भात कापलं, भात खाल्लं. टाळी वाजेपर्यंत सगळं संपणार, आणि गाव हसणार. हसलं तरी तिला त्याचं काही वाटलं नसतं. ते खरं असेल, याचीच तिला भीती वाटत होती.

शिवदास तिच्या मागे हात धुऊन लागला. विहिरीवर गाठ, ओटीवर गाठ. "आवडे, सांग की कायतरी. मी आणू तरी काय?"

"नको आणूस. माझं राहू दे."

"आगो, एखादं भांडण? चोर? वाघ?"

"वाघ कुठला रे मेल्या? भातात वाघ येतो व्हय?"

तांडेल हिरमुसला होऊन गेला. जाता जाता बडबडला, "भातात येतं तरी काय मग!"

अखेर शिमग्याचा दिवस उजाडला. ऊन जरा उतरलं तसा वाडीत हा गलका! शेजारपाजारची माणसं कुंपणावरून वाकून बघायला लागली. कुणीतरी ढोलकी आणली. आवडाबाई खांबाच्या आड बसली. पदराचं टोक तिनं दातात धरलं होतं.

आधी हरेश्वर आला. नेसायला लुगडं, डोक्यावर टोपली, आणि चालताना अशी काही कंबर हलवत होता, की खरी नीराबाई ओरडली, "मुडद्या, मी अशी चालते?" "अशीच!" सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. मग नीराबाई आली, छातीवर पट्टा, पट्ट्यावर बिल्ला. तिनं असा काही पुकारा केला, "हाज्जिर हो!" की नारळावरचे कावळे उडाले आणि कुंपणावरचा एक म्हातारा खरोखर हात जोडून उभा राहिला. हसून हसून लोकांच्या पोटात दुखायला लागलं. आवडाबाईही क्षणभर सगळं विसरली आणि पोट धरून हसली.

तेवढ्यात शिवदास आला.

लुगड्याचा काचा मारलेला, कपाळभर कुंकू, आणि त्याखाली त्या भल्याथोरल्या पांढऱ्या मिश्या. लोक नुसतं बघूनच लोळायला लागले. पण गडी हसला नाही. त्याच्या काखेत हिरव्या गवताची जुडी होती. रहाटाचं पाणी पाटानं पोफळींना जायचं, तिथे मऊ चिखल साचलेला. तो चिखलात उतरला, कमरेत वाकला आणि भाताची आवणी करायला लागला. म्हणजे रोपं लावायला हो. एक मूठ रोवली, पाऊल पुढे टाकलं. दुसरी मूठ रोवली, पाऊल पुढे टाकलं. मनापासून लावत होता बिचारा. वर गळा काढून कसलंसं गाणंही म्हणत होता, होडी वल्हवायचं.

आणि रोवलेली प्रत्येक मूठ त्याच्याच पायाखाली आडवी होत होती.

आवडाबाईनं एकदा बघितलं. दोनदा बघितलं. पदर दातातून कधी सुटला तिला कळलं नाही. "आरं ए! ए तांडेल! लावलेलं तुडवतोस?"

शिवदास वाकलेलाच मान वर करून म्हणाला, "मी आवडाबाय हाय. मला शिकवू नका."

"तू आवडाबाय? तुझं मढं नेलं!" ती खांबामागून जी सुटली ती थेट चिखलात. लोकांना वाटलं हेही सोंगातलंच. टाळ्यांवर टाळ्या. तिनं त्याच्या हातातली जुडी हिसकली, काचा मारला, वाकली. "आवणी पुढं चालून करतात व्हय, आंधळ्या? मागं चालायचं! मागं! हे बघ!"

आणि ती लावत सुटली. खच, खच, खच. एकेक मूठ चिखलात ताठ उभी राहत होती आणि आवडाबाई मागे मागे सरकत होती, न बघता, न अडखळता. हात तर असे चालत होते, की ढोलकीवाल्याला त्यांच्यामागे धावावं लागलं. म्हातारीची पाठ दुखते, गुडघे कुरकुरतात, हे त्या पाठीला नि गुडघ्यांना कुणी सांगितलंच नव्हतं जणू.

"पण मागं काय हाय ते दिसत न्हाय ना!" शिवदास म्हणाला.

"न्हाय दिसत. लावलेलं दिसतं की समोर! आन् मागचं काय विचारतोस? मागं एकदा खोत व्हता."

"खोत?" हरेश्वरनं लुगडं सावरलं आणि पुढे झाला. कचेरीतल्या माणसाला खोत म्हटलं की कान उभे राहणारच.

"तवा मी बापाच्या घरी. भावजय म्हनली, बघू कोण आधी बांधाला लागतं. लागलो दोघी. मी अशी सुटले, अशी सुटले, आन् मागं धप्पकन कायतरी आपटलं. मला वाटलं, रेडा. मान बी वळवली न्हाय. ढुंगणानंच ढकलला आन् म्हनलं, हल्ल, हो बाजूला, गाभड्या!"

"मग?"

"मग काय! आख्खं शिवार चिडीचूप. वळून बघते तर खोत चिखलात बसलेला, छत्री उघडीच, आन् छत्रीखाली नुसते दोन डोळे!"

वाडीत जो हशा उसळला, तो म्हणे बंदरावर ऐकू गेला. नीराबाई पोफळीला मिठी मारून हसत होती. शिवदासच्या मिश्यांवरून पाणी गळत होतं. आवडाबाई चिखलात उभी राहून सगळ्यांकडे बघत होती, आणि तिला इतका आनंद झाला, इतका झाला, की कुठे ठेवू असं होऊन गेलं.

"आगो, आन् म्हणे मला काय सांगायचं!" शिवदास ओरडला. "खोतानं पुढं काय केलं?"

"तो काय करणार? उठताच येईना. एक नांगऱ्या हात द्यायला गेला, पण त्याला हसूच आवरेना. खोताला अर्धा उचलला की हा हसायचा, आन् खोत पुन्ना खाली. तीन येळा! खोत म्हनला, उद्यापासून माझ्या शेतात पाय ठेवू नको. तो म्हनला, नाय ठेवत. आन् तसाच हसत आमच्या बांधाकडं आला. उंच. काळा. पुढचा एक दात पडलेला…"

बोलता बोलता ती चिखलातून वर आली. पाय तसेच भरलेले. तशीच ओटीवर चढली आणि झोपाळ्याच्या पार मधोमध बसली. भाटेशेटच्या ओटीवर चिखलाचे हे मोठाले पाय उमटले. सगळी वरात तिच्यामागून ओटीवर आली. कुंपणावरचे लोकही आत घुसले. तिनं पायानं एक जोरदार झोका घेतला आणि पुढे सांगायला लागली. नांगऱ्यानं काय विचारलं, बापानं कोयता का काढला, भावजयीनं तो कुठे लपवला.

सांगता सांगता ऊन पोफळीच्या शेंड्यावर गेलं. नीराबाई हळूच उठायला लागली. "आवडे, माझी चूल थंड पडली गो. बाकीचं उद्या सांग."

"खाली बस!" आवडाबाई गरजली. "कुठं चाललीस? अजून माझं लगीनसुदा झालं न्हाय!"